शिट्टीमास्तरांची बनियनं

लग्न ठरलं तेव्हा मास्तरीणबाईंच्या वडिलांची समजूत झाली होती की मुलगा शाळेत शिकवतो. सगळा गाव त्याला शिट्टीमास्तर म्हणतो, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. त्यातला मास्तर त्यांनी तेवढा उचलला, शिट्टी कुणी मनावर घेतली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी नवऱ्यानं दोन बोटं तोंडात घालून अशी काही शिट्टी मारली की नव्या नवरीच्या हातातली बशी खाली पडली, आणि परसातून तीन दांडगी कुत्री धावत येऊन तिच्यासमोर ओळीनं बसली.

"हे माझे विद्यार्थी," मास्तर ओशाळून म्हणाले.

गोदामं, गिरण्या, वीटभट्ट्या यांच्यासाठी मास्तर राखणीची कुत्री तयार करायचे. मारून शिकवणारा माणूस त्यांच्या मते कुत्र्याहून बिनडोक. त्यांच्या खिशात कायम शिजवलेल्या काळजाचे तुकडे असायचे, त्यामुळे धुण्याआधी प्रत्येक पॅन्टचा खिसा उलटा करून बघायचा, हे मास्तरीणबाई लगेच शिकल्या. माणसांशी बोलताना मास्तर अडखळायचे, कुत्र्यांशी मात्र वकिलासारखे बोलायचे. बाईंचं तसं नव्हतं. त्यांचं तोंड सगळ्यांशी सारखंच चालायचं. कुत्रं पायात आलं की, "हो बाजूला मेल्या, नाहीतर शेपटीला गाठ मारीन!" कुत्र्यांना ती धमकी इतकी ओळखीची झाली की ऐकताच ती शेपट्या हलवायला लागायची. मुलगी झाली, ती कुत्र्यांच्या पाठीला धरून उभी राहायला शिकली. दिवस चांगले चालले होते.

मग लढाई गावापर्यंत आली, आणि आली तशी पुढे निघूनही गेली. मागे राहिलं ते शत्रूचं सैन्य. साबणाच्या बंद कारखान्यात त्यांनी कुत्र्यांचा तळ केला. लपलेली माणसं हुडकून काढायला ही कुत्री. तळाचा कॅप्टन एका दुपारी स्वतः मास्तरांच्या दारात आला, टोपी काढून आत बसला.

"आमचे शिपाई कुत्र्यांना मारतात," तो म्हणाला. "मला ते पटत नाही. तुम्ही मारत नाही असं ऐकलं."

नाही म्हणता आलं असतं. कुलपं करणाऱ्या शेजाऱ्यानं त्यांच्या कामाला नाही म्हटलं होतं, आणि त्याला ट्रकमध्ये घालून कुठे नेलं ते अजून कुणाला कळलं नव्हतं. मास्तरांनी दाराआड उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं आणि होकार दिला. त्या दिवसापासून ते शत्रूचे नोकर झाले. मास्तरीणबाईंनाही तळावरची पोती आणि कांबळी धुवायचं काम मिळालं.

वाईट याचं वाटतं की मास्तरांनी काम चोख केलं. कुत्रं हातात आलं की त्याला अर्धवट शिकवणं त्यांना जमतच नसे. पहिल्याच हिवाळ्यात वीटभट्टीत दोन भाऊ लपले होते. कुत्र्यांनी त्यांना काढलं, आणि एका साखळीचं टोक मास्तरांच्या हातात होतं. भावांना तिथेच भट्टीच्या भिंतीशी उभं केलं. मास्तर घरी आले ते जेवले नाहीत, बोलले नाहीत. रात्रभर आणि पुढे कितीतरी दिवस बायकोनं विचारलं की, "काही नाही," एवढंच म्हणायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बनियनं गायब व्हायला लागली.

आधी मास्तरीणबाईंना वाटलं, दोरीवरून वाऱ्यानं उडालं असेल. मग दुसरं गेलं, तिसरं गेलं. वर नवऱ्यानं नवीनच खोड काढली. एकच बनियन आठवडाभर अंगात ठेवायचं, धुवायला मागितलं तर देईनात. खोलीत थांबवेना इतका वास. आणि ते बनियन एकदाचं अंगावरून उतरलं की घरातून नाहीसंच. त्यातच कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई काळजीच्या सुरात सांगून गेल्या, की मास्तर हल्ली नर्सबाईंच्या मागच्या दारानं आत जाताना दिसतात, बरं नाही का त्यांना?

नर्सबाई एकट्या राहायच्या. उंच, देखण्या, हसऱ्या. मास्तरीणबाईंच्या डोक्यात जे यायचं ते आलं. दोन दिवस त्या भांडी आपटत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"एक विचारते. त्या बाईला एवढी थंडी वाजते का?"

"कुठल्या बाईला?"

"ज्या बाईला माझ्या नवऱ्याची बनियनं लागतात तिला! आणि द्यायचीच होती तर धुतलेली तरी द्यायची. घराण्याची अब्रू!"

मास्तर आ वासून बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. वीटभट्टीनंतर पहिल्यांदाच. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. त्यांनी खिडकी लावून घेतली, बायकोला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं.

नर्सबाई माणसं लपवत होत्या. कुणाच्या तळघरात, कुणाच्या माळ्यावर. लपलेल्या प्रत्येकाला मास्तरांच्या बनियनचा तुकडा मिळायचा, न धुतलेला, अंगाशी बांधायला. इकडे तळावर, शिपाई जेवायला गेले की मास्तर कुत्र्यांना वेगळाच धडा द्यायचे. बनियन गवतात लपवायचं. कुत्र्यानं ते शोधलं आणि भुंकलं, तर काही नाही. शोधून गप बसलं, तर काळजाचा तुकडा. आता झडतीच्या वेळी ती कुत्री लपलेल्या माणसापाशी पोचायची, त्यांना त्यांच्या मास्तरांचा वास यायचा, आणि ती खाऊची वाट बघत शांत बसून राहायची. शिपायांना वाटायचं, इथे कुणी नाही, कुत्रं दमलं. शिवाय कुठली कुत्री संध्याकाळी उपाशी ठेवायची याचा हुकूम आला की उद्या झडती आहे हे मास्तरांना कळायचं, आणि ते नर्सबाईंना कळवायचे.

"आणि कॅप्टन?"

"त्याला वाटतं मी त्याचा खबऱ्या आहे. गावात कोण काय बोलतं ते मी सांगावं म्हणतो. मी सांगतो. नर्सबाई सांगतात तेवढंच सांगतो. पक्षी उडून गेल्यावर घरटं दाखवतो."

नवऱ्याचं बाहेर काही नाही, तो फक्त फासावर लटकायच्या लायकीचं काम करतो आहे, हे ऐकून कुठल्या बायकोला हायसं वाटेल? मास्तरीणबाईंना वाटलं. छातीवरची शिळा बाजूला झाल्यासारखं वाटलं. भीती वाटली ती नंतर, पीठ मळताना.

पुढे त्या स्वतःच या कामात उतरल्या. बनियनं मिळायची बंद झाली तेव्हा त्यांनी जुन्या चादरी फाडून शिवली. मागणी वाढली तसे मास्तर एकावर एक तीन-तीन घालायला लागले, भर उन्हाळ्यात, वरून कोट. घामानं निथळत तळावर जायचे. कॅप्टन म्हणाला, "मास्तर, तुम्ही जाड होत चाललात, आमचं अन्न मानवलं."

गाव मात्र जे दिसत होतं तेच बघत होतं. दारावर कुणीतरी डांबरानं "गद्दार" लिहिलं. पुसलं की पुन्हा. रांगेत मास्तरीणबाईंच्या पुढे-मागे हातभर जागा मोकळी राहायची. त्या मनातल्या मनात म्हणायच्या, राहू दे, ऐसपैस उभं राहायला मिळतं. ते त्यांना झेपत होतं. झेपत नव्हतं ते मुलीचं. ती शाळेत एकटी बसायची, घरी आली की बापाच्या ताटापासून आपलं ताट लांब ओढायची. तिला सांगता येत नव्हतं. पोर लहान, एखाद्या रागात एक शब्द निसटला की तिघांचीही मान गेली.

शेवटच्या उन्हाळ्यात कॅप्टनच्या मनात शंका आली. इतकी हुशार कुत्री, आणि सापडत कुणीच नाही? त्यानं बाहेरून एक नवीन कुत्री मागवली, तिच्या शिपायासकट. मास्तरांनी तिच्या जवळही जायचं नाही असा हुकूम निघाला. नवी कुत्री उपाशी ठेवली गेली, आणि शिपायांच्या बोलण्यातून मास्तरांना झडतीची जागाही कळली. उद्या नर्सबाईंची गल्ली. तळघरात पाच माणसं. बनियनं कुचकामी.

घरी येऊन त्यांनी डोकं धरलं. "न्यायचं कुठे? झडती घेणार नाहीत अशी एक जागा गावात राहिलेली नाही."

"एक आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ते स्वतःच्या घराची झडती घेतात का?"

मास्तर तसेच उठले. कुत्र्यांच्या अंथरुणाचं गवत तळावर नेणारी गाडी तेच हाकायचे.

दिवस मावळायच्या आत गवताची गाडी नर्सबाईंच्या मागच्या दारावरून तळावर गेली. वर गवत, खाली पाच माणसं, प्रत्येकाच्या अंगाला बनियनचा तुकडा. नर्सबाईंनी त्यांना बजावलं होतं, डोळे बांधून घ्या, कुणाचं तोंड बघू नका. बघितलंच नाही तर मारहाणीत सांगणार काय? कारखान्याच्या आतल्या कोठारात गवताच्या ढिगाखाली ती पाच माणसं पडून राहिली.

सकाळी नवी कुत्री आणि तिचा शिपाई गल्लीकडे गेले, मास्तर हुकमाप्रमाणे लांबून मागे. मास्तरीणबाई कांबळी धुवायच्या निमित्तानं कोठारापाशी ठाण मांडून बसल्या. पण तळावर राहिलेल्या कुत्र्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना गवतातून आपल्या मास्तरांचा वास आला, एक नाही, पाच-पाच मास्तरांचा! सगळी येऊन ढिगासमोर ओळीनं बसली आणि खाऊची वाट बघत शेपट्या हलवायला लागली. बाई हाकलून हाकलून दमल्या. "उठा मेल्यांनो! एकेकाच्या शेपटीला गाठ मारीन, गाठ!" शेपट्या आणखी जोरात हलल्या.

आणि दारात कॅप्टन उभा.

"हे काय चाललंय?"

"उंदीर, साहेब," बाई म्हणाल्या. तोंडात आलं ते म्हणाल्या. "गवतात उंदीर झालेत. ही नुसती बसून तमाशा बघतात. धरायला नको. फुकट खातात मेली!"

कॅप्टननं ढिगाकडे पाहिलं, कुत्र्यांकडे पाहिलं, आणि चक्क हसला. "माझ्या शिपायांसारखीच आहेत," म्हणाला, आणि गेला.

त्याच्या बुटांचा आवाज थांबल्यावर मास्तरीणबाई खाली बसल्या. बसल्या त्या साबणाच्या पाण्यानं भरलेल्या टपात. ते त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

नर्सबाईंच्या तळघरात नव्या कुत्रीला रिकामी पोती मिळाली. पाचही जण पुढच्या गवताच्या फेरीला गावाबाहेर गेले. पण पानगळ सुरू झाली तशी नर्सबाईंना आघाडीवरच्या इस्पितळात कामाला धाडण्यात आलं, इतर नर्सांबरोबर, आणि त्यांची खबर बंद झाली. मास्तर काय करत होते हे जाणणारं गावात कुणी उरलं नाही, बायको सोडून.

सैन्य माघार घेऊन गेलं तेव्हा लोक रस्त्यावर नाचत होते. मास्तरही खिडकीतून बघून हसत होते. तेवढ्यात दार वाजलं आणि आपल्याच माणसांनी त्यांना धरून नेलं. मास्तरांनी विरोध केला नाही. जाताना बायकोला म्हणाले, "काळजी करू नकोस. आता आपलेच आहेत." त्या माणसाच्या भाबडेपणाची कमाल होती.

चौकशी समिती शाळेच्या सभागृहात बसली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, कान थोडे जड. सभागृह खचाखच भरलेलं. मास्तरांना बोलायला उभं केलं, तर ते माणसांसमोर अडखळायचे तसेच अडखळले. बनियन, वास, काळीज, असं काहीतरी तुटक बोलले. लोक हसले. अध्यक्षांनी विचारलं, "साक्षीदार?" मास्तर म्हणाले, "नर्सबाई." नर्सबाई कुठे आहेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग मास्तरीणबाई उठल्या. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही पत्नी आहात. तुमच्या शब्दाला मी किती वजन द्यायचं?" मागून कोळसेवाला ओरडला, "बनियन घालून देशसेवा! आणखी काय काय काढून केली विचारा!" हशा पिकला. कोळसेवाला थांबेचना. बाईंनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, दोनदा आवाज बुडाला. तिसऱ्यांदा त्यांचा तोल गेला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही तोंडात आलंच नाही.

"गप बस मेल्या, नाहीतर शेपटीला गाठ मारीन!"

सभागृह खदखदून हसलं. आणि त्या हशात उजवीकडच्या बाकावरून एक म्हातारा धडपडत उठला. छापखान्यातला कंपोझिटर. शत्रूविरुद्ध पत्रकं छापली म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं होतं, एवढं लोकांना माहीत होतं. तो हात वर करून उभा राहिला, आणि हळूहळू हशा विरला.

"हा आवाज मला माहीत आहे," तो म्हणाला. "डोळे बांधलेले होते. गवताखाली होतो. सबंध दिवस ही बाई कुत्र्यांना हेच म्हणत होती. हेच. शेपटीला गाठ." त्यानं बाईंकडे बोट केलं. "साहेब आला तेव्हा हिनं उंदीर आहेत म्हणून सांगितलं. मी त्यातला एक उंदीर."

त्यानं शर्टाची बटणं काढली. छातीशी काही बांधलेलं नव्हतं. "फडकं फेकून दिलं मी," तो ओशाळून म्हणाला. "फार वास यायचा."

यावर अध्यक्षसुद्धा हसले. मागून आणखी एक जण उठला, मग एक बाई उठली. त्यांनाही असं फडकं मिळालं होतं, कुणाचं ते कधी कळलं नव्हतं. मास्तरीणबाईंना पुढचं नीट ऐकू आलं नाही. त्या बाकाला धरून उभ्या होत्या.

समितीनं मास्तरांना सोडलं. सोडताना अध्यक्ष म्हणाले, "वीटभट्टीचं मात्र मला खोडता येत नाही."

"मलाही नाही," मास्तर म्हणाले. तेवढंच वाक्य ते त्या दिवशी न अडखळता बोलले.

घरी मुलगी दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. आईबापांना वाटलं, ती गळ्यात पडेल. ती कडाडली.

"मला का नाही सांगितलं? मी शाळेत एकटी बसले! मी तुमच्याशी बोलले नाही, बाबा! मला ते करायला लावलंत तुम्ही!"

"अगं, तुझ्या जिवाला—"

"जीव गेला असता तरी चाललं असतं!"

"चाललं असतं म्हणे!" आई कडाडली. मग दोघींचं जे जुंपलं ते शेजारपाजारी ऐकू जाईल इतकं. मास्तर मध्ये उभे. खिडक्या सताड उघड्या होत्या. बनियनांचं गुपित कळल्यापासून या घरात कुणी आवाज चढवला नव्हता, सगळं कुजबुजत चालायचं. भांडता भांडता मास्तरीणबाईंना ते जाणवलं आणि त्यांना इतकं मोकळं वाटलं की त्यांनी मुद्दाम आणखी दोन वाक्यं वाढवली. मुलगी रडत आत गेली. जेवायच्या वेळी बाहेर आली आणि तिनं आपलं ताट बापाच्या ताटाला टेकवून ठेवलं. बोलली नाही. तिचा अबोला आठवडाभर टिकला, पण तो साधा घरगुती अबोला होता.

मग एका सकाळी मास्तरांनी कोट चढवला. "भट्टीतल्या पोरांच्या आईकडे जातो."

"मी येते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

ती म्हातारी छत्र्या दुरुस्त करायची. खोलीभर काड्या, कापडं, मोडक्या मुठी. मास्तर उभेच राहिले आणि त्यांनी सांगितलं, साखळी कुणाच्या हातात होती ते. म्हातारीचे हात थांबले. मास्तरीणबाईंना वाटलं, आता ती हातातली काडी फेकून मारेल, आणि मारली तर बरंच.

"काही बोलले का ते?" म्हातारीनं विचारलं.

"थोरला बोलला." मास्तरांनी सांगितलं. "म्हणाला, धाकट्याला दमा आहे, त्याला धुरात उभं करू नका."

म्हातारी म्हणाली, "असंच म्हणणार तो." तिनं काडी पुन्हा कापडात ओवायला घेतली. "भट्टीत आणखी काय काय होतं, कसं होतं, ते मला सगळं ऐकायचंय. पण आत्ता नको. या वेळी येत जाऊ नका, माझी गिऱ्हाइकं येतात."

दोघं बाहेर पडली.

"म्हणजे पुन्हा यायचं का?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच म्हणाल्या ना."

"कधी?"

"संध्याकाळी जा. जाताना आपल्या घरातली ती मोडकी छत्री घेऊन जा, हात हलवत जाऊ नका."

मास्तर गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा दिवे लागायच्या आत परत आले, चेहरा पांढराफटक. पण आले आणि जेवले. पुढे जात राहिले. म्हातारीनं त्यांना माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. गिरण्या सुरू झाल्या, गोदामांना राखण लागली आणि परसात पुन्हा विद्यार्थी आले. कोळसेवाला शेवटपर्यंत मास्तरांना नमस्कार करीत नसे. बाकीच्यांपैकी काही करायचे, काही रस्ता ओलांडायचे. नर्सबाई पुढच्या वर्षी परत आल्या, हडकुळ्या झालेल्या, पण हसऱ्या त्याच. आल्या त्या तडक मास्तरांकडे. दारात उभ्या राहून धापा टाकत म्हणाल्या, "मला आजच कळलं तुमच्यावर चौकशी बसलीय. साक्ष द्यायला आले. उशीर तर नाही ना झाला?"

मास्तरीणबाईंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि आधी पोटभर जेवायला वाढलं. सांगायला अख्खी संध्याकाळ होती.